रोपाच्या वाढीचा जमाखर्च

वनस्पतींतील संप्रेरके आणि त्यांचे नियमन करणारी विकरे

सरदाच्या हंगामात गोमंतकातील शेतांवरून नजर टाकली असता दोन प्रकारचे भात सहज ओळखू येते. खाजन जमिनीत कोरगुटासारखे उंच वाढणारे देशी भात उभे असते, तर गोड्या पाण्याच्या शेतात जया किंवा ज्योती यांसारखे बुटके, ताठ भात दिसते. पाऊस दोघांवर सारखाच पडतो आणि ऊनही तेच असते. तरीही एका रोपाचे खोड लांब होते आणि दुसऱ्याचे ठरावीक उंचीवर थांबते. याचे कारण विचारल्यास शेतकरी ‘वाणाचा गुण’ असे उत्तर देतो. हे उत्तर बरोबर आहे. परंतु वाणाचा हा गुण रोपाच्या आत नेमके कोणते काम करतो, हे समजून घेतल्यास खताची मात्रा, आंब्याच्या कलमांना दिली जाणारी औषधे आणि बाजारात ‘टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या यांविषयी पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

संप्रेरक म्हणजे काय?

वनस्पतीला डोळे, कान किंवा मज्जातंतू नसतात. तरीही मूळ खाली जाते, शेंडा उजेडाकडे वळतो, बी ओलावा मिळताच रुजते आणि योग्य वेळी झाडाला मोहर येतो. शरीराच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे हे निरोप नेण्याचे काम काही रासायनिक द्रव्ये अत्यल्प प्रमाणात करीत असतात. त्यांना संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, अॅबसिसिक आम्ल आणि एथिलीन ही त्यांपैकी प्रमुख होत.

अन्नद्रव्ये आणि संप्रेरके यांत मोठा फरक आहे. नत्र, स्फुरद व पालाश यांपासून रोपाचे शरीर बनते. म्हणून ती किलोग्रॅमच्या हिशेबाने लागतात. संप्रेरके केवळ आज्ञा देतात. कोवळ्या शेंड्याच्या एक ग्रॅम ओल्या वजनात सक्रिय जिबरेलिन अवघे काही नॅनोग्रॅम असते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म मात्रेवर ज्याची वाढ अवलंबून आहे, त्या रोपाला ही मात्रा काटेकोरपणे सांभाळणे भागच आहे.

हे सांभाळण्याचे काम विकरे करतात. विकरे म्हणजेच एन्झाइम. ही प्रथिने असून प्रत्येक विकर एक ठरावीक रासायनिक बदल घडवून आणते आणि स्वतः मात्र संपत नाही. दुधाचे दही होणे किंवा पिठाचे आंबणे यामागे सूक्ष्मजंतूंची विकरेच असतात. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत अशी असंख्य विकरे कार्यरत असतात आणि प्रत्येक विकर तयार करण्याची कृती एखाद्या जनुकात नोंदलेली असते.

वेड्या रोपांचा रोग

जिबरेलिनचा शोध भातशेतीतच लागला. जपानमधील शेतकऱ्यांना भाताचा एक विचित्र रोग फार पूर्वीपासून माहीत होता. रोगट रोपे शेजारच्या रोपांपेक्षा भराभर उंच होत. पण ती किडकिडीत व फिकट असत, पुष्कळशी मरून जात आणि जी जगत त्यांच्या लोंब्यांत दाणा भरत नसे. या रोगाला तेथे ‘बाकानाए’ म्हणजे ‘वेडे रोप’ असे नाव पडले. रोगाला कारण एक बुरशी असल्याचे पुढे निश्चित झाले.

१९२६ साली तैवानमध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ एइची कुरोसावा यांनी ही बुरशी द्रवात वाढविली, तो द्रव गाळून बुरशीविरहित केला आणि निरोगी रोपांना दिला. बुरशी नसतानाही रोपे तशीच वेड्यासारखी वाढली. यावरून बुरशी जे द्रव्य बाहेर टाकते त्यामुळेच ही वाढ होते, हे सिद्ध झाले. १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी बुरशीच्या नावावरून या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले आणि १९३८ साली याबुता व सुमिकी यांनी ते स्फटिकरूपात वेगळे केले. निरोगी वनस्पती स्वतःही जिबरेलिने तयार करतात, हे १९५० नंतरच्या दशकात उघडकीस आले. आज १३० हून अधिक जिबरेलिने ज्ञात आहेत. परंतु प्रत्यक्ष वाढ घडविणारी मोजकीच आहेत. उरलेली बहुतेक एक तर सक्रिय जिबरेलिन बनण्याच्या वाटेवरील कच्चा माल असतात किंवा निकामी करून बाजूला टाकलेला माल असतात.

या एका वस्तुस्थितीतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. रोप सक्रिय संप्रेरक तयार करते, तसेच ते नष्टही करते. कोणत्याही क्षणी पेशीत किती संप्रेरक आहे, हे निर्मिती आणि नाश या दोन्हींच्या वजाबाकीवर ठरते. घरच्या जमाखर्चाच्या वहीत शिल्लक रक्कम जशी जमा व खर्च दोन्ही पाहूनच काढावी लागते, तद्वतच हे आहे.

जमेची बाजू व खर्चाची बाजू

जिबरेलिनची निर्मिती टप्प्याटप्प्याने होते. पहिले टप्पे पेशीतील हरितकणांच्या जातीच्या कणांत पार पडतात. तेथे वीस कार्बन अणूंच्या साखळीला विकरे वळण देतात आणि कौरीन नावाचे द्रव्य तयार होते. पुढे कौरीन-ऑक्सिडेज हे विकर कौरीनवर ऑक्सिजनची प्रक्रिया करते. त्यानंतरच्या टप्प्यांतून जे पहिले जिबरेलिन निघते ते निष्क्रिय असते. त्यावर प्रथम जिबरेलिन-२०-ऑक्सिडेज आणि नंतर जिबरेलिन-३-ऑक्सिडेज ही दोन विकरे काम करतात. दुसऱ्या विकराचे काम पुरे झाले की सक्रिय जिबरेलिन हाती येते. विकरांच्या नावांतील आकडे हे रेणूतील कितव्या कार्बन अणूवर ते विकर काम करते, एवढेच दर्शवितात.

खर्चाच्या बाजूला मुख्य विकर आहे जिबरेलिन-२-ऑक्सिडेज. ते सक्रिय जिबरेलिनच्या दुसऱ्या कार्बन अणूवर ऑक्सिजन बसविते. एवढ्या लहानशा बदलाने तो रेणू कायमचा निकामी होतो.

या दोन्ही बाजूंवर रोपाची देखरेख असते. जिबरेलिन पेशीतील एका ग्राहक प्रथिनाला जाऊन मिळते. भातामधील हे ग्राहक प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली ओळखले. दोघांच्या मीलनामुळे वाढीला लगाम घालणारी ‘डेला’ नावाची प्रथिने नष्ट होतात आणि पेशी लांब होऊ लागतात. परंतु लगाम सुटला की त्याच वेळी निर्मितीच्या शेवटच्या दोन विकरांचे उत्पादन मंदावते आणि नाश करणाऱ्या विकराचे वाढते. उलटपक्षी, जिबरेलिन कमी पडले की निर्मितीला वेग येतो व नाश थांबतो. विहिरीवरील टाकीत पाणी काठापर्यंत आले की तरंगता गोळा नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था आहे.

मेंडेलचा वाटाणा

शाळेच्या पाठ्यपुस्तकातून ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यावरील प्रयोग सर्वांना परिचित आहेत. त्यांनी आपले निष्कर्ष १८६५ साली मांडले व १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या सात लक्षणांपैकी एक होते उंच आणि बुटके रोप. उंच व बुटक्या रोपांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व रोपे उंच निघाली आणि दुसऱ्या पिढीत तीन उंचांस एक बुटके असे प्रमाण आढळले. हा बुटकेपणा कशामुळे येतो, हे कळावयास मात्र १९९७ साल उजाडावे लागले. बुटक्या वाटाण्यात जिबरेलिन-३-ऑक्सिडेज या विकराच्या जनुकात एका जागी बदल झालेला आहे. त्यामुळे विकराच्या साखळीतील एक ॲमिनो आम्ल बदलते आणि विकराचे काम फारच मंदावते. कच्चा माल तयार असूनही शेवटचा टप्पा नीट पार पडत नाही; म्हणून खोडाची पेरे आखूड राहतात. अशा बुटक्या रोपाला बाहेरून जिबरेलिन दिल्यास ते उंच होते, यावरून दोष कोठे आहे हे स्पष्ट दिसते.

एक उंच जनुक असले तरी रोप उंच का होते, याचे उत्तरही येथेच मिळते. विकर स्वतः संपत नसल्यामुळे एका चांगल्या जनुकापासून बनलेले विकरसुद्धा पुरेसे काम करू शकते.

बुटके भात आणि अन्नधान्याची वाढ

जुन्या उंच भाताला भरपूर नत्रखत दिले की खोड आणखी लांब होई, लोंबी जड होई आणि वारा-पावसात पीक लोळे. पाण्यात लोळलेल्या लोंब्यांना मोड येत आणि हाती आलेला घास जाई. म्हणजेच अधिक खत देऊनही उत्पन्न वाढण्याऐवजी नुकसानच होई.

या अडचणीवर तैवानमधील ‘दी-जिओ-वू-जेन’ नावाच्या बुटक्या भाताने मार्ग दाखविला. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६२ साली हा वाण आणि इंडोनेशियातील ‘पेटा’ हा उंच वाण यांचा संकर करण्यात आला. त्यातून निवडलेला ‘आयआर ८’ हा वाण १९६६ साली प्रसारित झाला. त्याच बुटक्या भाताचा अंश असलेला ‘तायचुंग नेटिव्ह १’ हा वाण तैवानहून भारतात आला. अखिल भारतीय समन्वित भात सुधार प्रकल्पाद्वारे त्याचा ‘टी १४१’ या वाणाशी झालेला संकर १९६८ साली ‘जया’ या नावाने प्रसारित झाला. केरळात पट्टांबी येथे ‘आयआर ८’ पासून ‘ज्योती’ हा वाण निर्माण झाला. गोमंतकातील घरोघरी परिचित असलेले हे दोन्ही वाण याप्रमाणे एकाच पूर्वजाचा बुटकेपणा घेऊन आलेले आहेत.

ज्या शास्त्रज्ञांनी हे वाण घडविले त्यांना हा बुटकेपणा कोणत्या विकराशी संबंधित आहे, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. त्यांनी शेतात उभे राहून ताठ रोपे निवडली. पुढे २००२ साली संशोधकांनी दाखवून दिले की, दी-जिओ-वू-जेनमध्ये जिबरेलिन-२०-ऑक्सिडेजच्या एका जनुकातील ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे ते विकर बनतच नाही. जमेचा एक मोठा मार्ग बंद झाल्याने खोडात जिबरेलिन कमी राहते आणि रोप बुटके होते.

येथे एक शंका उद्भवते. जिबरेलिन कमी पडले तर दाणेही कमी का भरत नाहीत? त्याचे उत्तर असे की, भातामध्ये या विकराची एकाहून अधिक जनुके आहेत. बिघडलेले जनुक मुख्यतः पाने व खोडात काम करणारे आहे. फुलोऱ्यात दुसरे जनुक काम करते व ते शाबूत आहे. म्हणून खोड आखूड झाले तरी फुलधारणेत बाधा येत नाही. खोड लांबविण्यात जाणारी शक्ती वाचते, रोप खत पचवूनही उभे राहते आणि लोंबी भरते. आशिया खंडातील कोट्यवधी लोकांच्या ताटातील भाताचा या एका गळालेल्या तुकड्याशी संबंध आहे.

मात्र बुटकेपणा हा सर्वत्रच गुण ठरतो असे नाही. बांगलादेशातील खोल पाण्याच्या प्रदेशांत पुराचे पाणी चढते तसे भाताचे खोडही लांब होते. दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंत वाढ तेथे नोंदली गेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने याचे रहस्य उलगडले. पाण्याखाली गेलेल्या रोपात एथिलीन वायू कोंडतो. त्यामुळे तेच जिबरेलिन-२०-ऑक्सिडेजचे जनुक, जे जयामध्ये बिघडलेले आहे, या भातात जोराने काम करू लागते आणि रोप शेंडा पाण्यावर ठेवून जीव वाचविते. एकाच विकराचा अभाव सखल पण मर्यादित पाण्याच्या शेतात वरदान ठरतो, तर त्याची विपुलता पुराच्या प्रदेशात प्राणरक्षक ठरते. देशी उंच वाण टाकाऊ समजून बियाणे नष्ट करणे योग्य नाही, हा बोध यातून घ्यावयाचा आहे. ज्या जमिनीत पाणी साचते व खारे होते, तेथे पिढ्यानपिढ्या टिकलेल्या वाणांचे महत्त्व वेगळेच असते.

दाण्यांच्या संख्येचा हिशेब

वर सांगितलेले उदाहरण जमेची बाजू कमी करण्याचे आहे. खर्चाची बाजू कमी केल्यास काय होते, याचेही उदाहरण भातातच सापडते, मात्र ते सायटोकायनिन या दुसऱ्या संप्रेरकाचे आहे. सायटोकायनिनमुळे पेशींचे विभाजन होते व लोंबीच्या कोंबात फुले धरण्याच्या जागा वाढतात. सायटोकायनिन-ऑक्सिडेज हे विकर त्याचा नाश करते. जपानमध्ये ‘हाबाताकी’ या भरघोस दाण्यांच्या वाणाचा ‘कोशिहिकारी’ या प्रसिद्ध वाणाशी तुलनात्मक अभ्यास करण्यात आला. हाबाताकीमध्ये नाश करणारे हे विकर कमी बनते. त्यामुळे कोवळ्या लोंबीत सायटोकायनिन साचते आणि दाण्यांची संख्या वाढते, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याच संशोधकांनी हा गुण आणि बुटकेपणाचा गुण नेहमीच्या संकर पद्धतीने कोशिहिकारीमध्ये एकत्र आणला. खोडातील जमा कमी, लोंबीतील खर्च कमी. दोन्हींचा लाभ एकाच रोपाला मिळाला.

हापूसची कलमे आणि पॅक्लोब्युट्राझॉल

कोकणातील व गोमंतकातील बागायतदारांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा भाग हा आहे. हापूस आंबा दरवर्षी सारखा फळत नाही. भरपूर पालवी फुटली की त्या फांद्यांना मोहर येत नाही. पालवीला जिबरेलिन उत्तेजन देते आणि मोहर धरण्यास आडकाठी करते, असे आढळून आले आहे. म्हणून पॅक्लोब्युट्राझॉल या रसायनाचा वापर सुरू झाला; ‘कल्टार’ या व्यापारी नावाने ते बागायतदारांस परिचित आहे.

हे रसायन खत नव्हे आणि मोहर आणणारे टॉनिकही नव्हे. जिबरेलिन बनण्याच्या वाटेवरील कौरीन-ऑक्सिडेज या विकराला ते जखडून ठेवते. विकर अडकले की पुढील सर्व टप्पे उपाशी राहतात, जिबरेलिन घटते, पालवी थांबते आणि पक्व फांद्यांना मोहर धरण्यास वाव मिळतो. जया भातात जे काम गळालेल्या जनुकाने होते, जवळजवळ तेच काम येथे औषधाने घडवून आणले जाते. फरक एवढाच की, भाताचा बुटकेपणा खोडापुरता व नेमका आहे. औषध मात्र संपूर्ण झाडातील जिबरेलिनच्या मुळावरच घाव घालते.

हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे नुकसान होते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक, साधारणतः १५ जुलै ते १५ ऑगस्ट या काळात, बुंध्याभोवतीच्या जमिनीत द्यावयाचा असतो. मात्रा झाडाच्या वयावर किंवा अंदाजावर ठरवावयाची नसून विस्तार मोजूनच ठरवावयाची आहे. मात्रा अधिक झाल्यास फांद्या आखडतात, मोहर गुच्छासारखा आखूड येतो आणि झाडाची वाढ खुंटते. हे रसायन जमिनीत दीर्घकाळ टिकून राहते. त्यामुळे गेल्या वर्षीचा अंश जमिनीत असताना यंदा पुन्हा पूर्ण वा दुप्पट मात्रा ओतल्यास झाडाचा जमेचा मार्ग वर्षानुवर्षे बंद राहतो. अशा वेळी विकर नव्याने बनविण्याचा झाडाचा प्रयत्नही निष्फळ ठरतो, कारण नवे विकरही जखडले जाते.

बाग फळांच्या हंगामापुरती खंडाने देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. खंड घेणाऱ्याचे हित एका-दोन हंगामांच्या फळात असते, तर मालकाचे हित चाळीस-पन्नास वर्षे जगणाऱ्या झाडात असते. म्हणून बाग खंडाने देताना कोणते रसायन, किती मात्रेत व केव्हा दिले याची लेखी नोंद ठेवण्याची अट मालकाने अवश्य घालावी. अशक्त, रोगट अथवा अगदी कोवळ्या कलमांना हे रसायन देऊ नये. जे झाड अधिक फळ देते त्याला अन्नही अधिक लागते. सबब शेणखत व रासायनिक खते यांत हयगय करू नये.

बाटलीतील संप्रेरक व रोपाची वही

बाजारात मिळणारे जिबरेलिक आम्ल हे त्या बाकानाए बुरशीपासूनच तयार केले जाते. नाशिक व सांगलीकडील द्राक्षबागांत बिनबियांच्या घडांचे मणी मोठे करण्यासाठी आणि संकरित भाताच्या बीजोत्पादनात लोंबी पानाच्या आवरणातून बाहेर काढण्यासाठी त्याचा उपयोग होतो. या ठिकाणी ते लाभदायक आहे, कारण वेळ, मात्रा आणि अवयव निश्चित केलेले असतात.

परंतु या द्रव्याची एक खासियत माहीत असणे आवश्यक आहे. बुरशीच्या या जिबरेलिनमध्ये पहिल्या व दुसऱ्या कार्बन अणूंच्या दरम्यान दुहेरी बंध असतो. नाश करणारे विकर नेमके दुसऱ्या कार्बनवरच काम करते. त्यामुळे या रेणूपुढे ते हतबल ठरते. रोप आपली निर्मिती थांबवू शकते. पण बाहेरून आलेला हा साठा नेहमीच्या मार्गाने खर्ची टाकू शकत नाही. वेडी रोपे वेड्यासारखी का वाढतात, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. ‘वाढ दिसली नाही म्हणून आणखी एक फवारणी’ ही पद्धत संप्रेरकांच्या बाबतीत धोक्याची आहे, ती याचसाठी.

हेच तत्त्व तणनाशकांतही आढळते. ऑक्झिन हे नैसर्गिक संप्रेरक जास्त झाले तर रोपातील विकरे त्याला ॲमिनो आम्लाशी बांधून ठेवतात किंवा त्याचे ऑक्सिडीकरण करतात. ‘२,४-डी’ हे कृत्रिम द्रव्य ऑक्झिनसारखीच आज्ञा देते; पण रुंद पानांच्या वनस्पतींची विकरे त्याची विल्हेवाट सहजासहजी लावू शकत नाहीत. आज्ञा थांबत नाही आणि तण वेडेवाकडे वाढून मरते. म्हणूनच भातात या तणनाशकाची फवारणी करताना शेजारच्या भाजीपाल्यावर तुषार जाऊ देऊ नयेत व तोच पंप नीट धुतल्याशिवाय इतर पिकांस वापरू नये.

यावरून शेतकरी बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ज्या बाटलीवर घटकाचे नाव व प्रमाण छापलेले नाही ती विकत घेऊ नये. पीक पिवळे वा खुरटे दिसल्यास प्रथम पाणी, निचरा, अन्नद्रव्ये व रोग यांची तपासणी करावी. कारण उपाशी रोपाला वाढीची आज्ञा दिल्याने त्याचे पोट भरत नाही. बुटक्या वाणांनाही बेसुमार युरिया देऊ नये. ते लोळण्यास विरोध करतात, पण रोग व किडींना आमंत्रण मिळतेच. भाताचे बियाणे निरोगी शेतातूनच घ्यावे व पेरणीपूर्वी शिफारशीप्रमाणे बीजप्रक्रिया करावी. कारण बाकानाएची बुरशी बियाण्याबरोबरही पसरते. औषधाच्या मात्रेविषयी शंका असल्यास विभागीय कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

शाळेत करावयाचा प्रयोग

शिक्षकांना हा विषय अल्प साधनांत शिकविता येईल. सुके वाटाणे रात्रभर भिजवून दोन कुंड्यांत प्रत्येकी दहा-दहा लावावेत. एक कुंडी खिडकीजवळ ठेवावी व दुसरी खोक्याने पूर्ण झाकावी. पाणी दोन्हींना सारखेच द्यावे. आठ-दहा दिवसांनी मोजमाप केल्यास अंधारातील रोपे पिवळट, किडकिडीत पण बरीच उंच आढळतील. आता झाकलेली कुंडी उजेडात ठेवावी आणि पुढील चार-पाच दिवस रोज ठरावीक वेळी उंची मोजून तक्त्यात लिहावी. वाढीचा वेग मंदावल्याचे आणि पाने हिरवी होत असल्याचे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.

वाटाण्यावरील संशोधनात असे दिसून आले आहे की, अंधारातील रोप उजेडात आणल्यावर काही तासांतच सक्रिय जिबरेलिनचे प्रमाण झपाट्याने घटते. निर्मितीचे विकर कमी होते व नाशाचे विकर वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी कपात केली जाते. मातीखालचे रोप उजेडापर्यंत पोहोचावे म्हणून लांब होते आणि उजेड मिळताच ती उधळपट्टी थांबवून पाने विस्तारू लागते. निर्मिती नुसती थांबविली असती तर आधीचा साठा बराच काळ वाढ चालू ठेवू शकला असता. नाशाची तजवीज असल्यामुळेच रोपाला परिस्थिती पाहून तत्काळ आपली चाल बदलता येते.

सारांश

रोपाची उंची, फुटवे, दाणे व मोहर हे संप्रेरकांच्या शिलकीवर ठरतात आणि ती शिल्लक निर्माण करणारी व नष्ट करणारी विकरे मिळून सांभाळतात. उत्तम वाण म्हणजे ज्याचा हा जमाखर्च त्या जमिनीला व त्या हवामानाला जुळतो तो वाण. खत, औषध किंवा फवारणी देणारा शेतकरी याच वहीत एक नोंद करीत असतो. नोंद करण्यापूर्वी वही वाचावी, म्हणजे पैसाही वाचेल आणि झाडही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. जया भातात खोड आखूड राहूनही दाणे नीट का भरतात?

२. मेंडेलचा बुटका वाटाणा आणि बुटके भात यांत बिघाड कोणकोणत्या विकरात आहे?

३. बुरशीपासून मिळणारे जिबरेलिन रोपाला सहज नष्ट का करता येत नाही?

४. आंब्याला पॅक्लोब्युट्राझॉल देताना झाडाचा विस्तार मोजणे व मागील वर्षांची नोंद पाहणे का आवश्यक आहे?

५. आपल्या गावात पूर्वी लावले जाणारे उंच भाताचे वाण कोणते होते व ते कोणत्या जमिनीत घेतले जात, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून यादी तयार करा.